द्वितीय पुरुष, एकवचन

काठीच्या होळीत, मध्यरात्र उलटल्यावर, एका म्हाताऱ्याने मला शेजारच्या दगडाकडे बोट दाखवून म्हटले, "तू बस इथं." शहरातली सवय आडवी आली. मी म्हणालो, "नको नको, तुम्ही बसा." त्याने मान वळवून मागे पाहिले. मागे अंधार होता आणि अंधारापलीकडे ढोल. मग माझ्याकडे वळून त्याने विचारले, "दुसरं कोण आहे?"

दुसरे कोणीच नव्हते. त्या एकट्यालाच मी अनेकवचन लावले होते. जुन्या रीतीप्रमाणे स्फुट लिहिणाऱ्याने स्वतःला 'आम्ही' म्हणायचे असते. त्या रात्रीपासून मला ते जमेनासे झाले आहे. 'आम्ही' लिहायला घेतले की वाचक मान वाकडी करून माझ्या पाठीमागे पाहतो आहे असे वाटते.

काठी हे नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यातले, मोलगीजवळचे गाव. इंग्रजी अमलात पश्चिम खानदेशात जी मेहवासी संस्थाने होती त्यांतले हे एक. संस्थान गेले, राजवाडी होळी राहिली. ही होळी तिन्हीसांजेला पेटत नाही. रात्रभर नाच चालतो आणि पहाटे उंच बांबूच्या दांड्याभोवती होळी पेटते. मोरपिसांचे टोप, अंगभर पांढरे ठिपके, कमरेला घुंगरू आणि वाळलेले भोपळे ही सगळी छायाचित्रे दरवर्षी वर्तमानपत्रांत येतात. बोली छायाचित्रात येत नाही, म्हणून तिच्याविषयी सहसा कोणी काही लिहीतही नाही.

दुसऱ्या दिवशी मोलगीहून खाली उतरताना जीपमध्ये माझ्या शेजारी एक तरुण शिक्षक होता. मूळचा मराठवाड्याकडचा, डोंगरातल्या एका शाळेत दोन वर्षे काढलेला. तो मोबाइलवर स्पॅनिश शिकत होता. कशासाठी, असे विचारल्यावर हसला. संध्याकाळी वेळ जात नाही, आणि शिकायला पैसे पडत नाहीत, एवढेच कारण. देवगोई घाटात नेटवर्क जाते हे ठाऊक असल्याने त्याने क्रियापदाचा तक्ता आधीच उतरवून घेतला होता. 'आब्लार', म्हणजे बोलणे. मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो, आम्ही, तुम्ही, ते: आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. हा झाला एक काळ. मग भूतकाळ दोन तऱ्हांचा, भविष्यकाळ, संकेतार्थ, विध्यर्थाच्या जवळपास जाणारा एक अख्खा अर्थ आणि त्याचे पुन्हा आपले काळ. साधी रूपे मोजली तरी पन्नासाच्या वर जातात. बोटाच्या एका टिचकीसरशी सगळी पडद्यावर हजर.

शहाण्या मराठी माणसाने या तक्त्याला घाबरू नये. आपल्या फडताळात हे सगळे कप्पे आहेतच. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांतून ताख्यात, लाख्यात, वाख्यात, ईलाख्यात पाठ करणाऱ्या पोरांना विचारा. 'जाई' हा रीतिभूतकाळ ज्याला कळला, त्याला 'आब्लाबा' समजावून सांगावे लागत नाही. 'आजोबा रोज संध्याकाळी बोलत बसत' आणि 'आजोबा काल बोलले' यांत जो फरक, तोच तिथल्या दोन भूतकाळांत. 'त्याने यावे असे मला वाटते' यातले 'यावे' ज्याच्या तोंडात बसले आहे, त्याला स्पॅनिशमधल्या त्या नावाजलेल्या अवघड अर्थाचे निम्मे तरी आधीच येते. आपण 'देव करो आणि पाऊस पडो' म्हणतो. स्पॅनिश माणूस 'ओहाला' म्हणतो. त्या शब्दात स्पेनमधल्या अरबी काळापासून अल्ला बसलेला आहे, आणि त्याच्यामागून येणाऱ्या क्रियापदाला निश्चितीचे रूप चालत नाही. एका बाबतीत तर ती भाषा आपल्याहून सोपी. बोलणारा पुरुष असो की बाई, 'आब्लो' ते 'आब्लो'च. बोलतो-बोलते ही भानगड नाही. आघात मात्र सांभाळायचा. पहिल्या अक्षरावर जोर दिला तर 'मी बोलतो', शेवटच्यावर दिला तर 'तो बोलला'.

गुरुजी अडले होते ते भलत्याच ठिकाणी. तक्त्यात तिसऱ्या ओळीत 'तो' आणि 'ती' यांच्याबरोबर 'उस्तेद' लिहिलेले असते. उस्तेद म्हणजे तुम्ही, आपण. "समोरचा माणूस तृतीय पुरुषात कसा काय?" असा त्यांचा प्रश्न. प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. 'उस्तेद' हा शब्द झिजून झिजून झालेला आहे. मुळात तो 'बुएस्त्रा मेर्सेद', म्हणजे आपली कृपा, आपली मेहेरबानी. समोरच्याला थेट 'तू' म्हणायचे धाडस नको, म्हणून त्याच्या मेहेरबानीशी बोलायचे. मेहेरबानी कुठे राहते? मेहेरबानी काय घेणार? मग क्रियापद तिच्या मागोमाग तृतीय पुरुषात गेले ते आजतागायत तिथेच आहे. यात परके काही नाही. आपला दुकानदार समोर उभ्या गिऱ्हाइकाला "साहेब काय घेणार?" असेच विचारतो. 'महाराजांची स्वारी आली' हे वाक्यही त्याच घरातले, यायचे ते महाराज आणि क्रियापद चालते स्वारीमागे.

मराठीने आदराला एक युक्ती केली, माणसाचे अनेक केले. स्पॅनिशने दुसरी केली, समोरच्याला बाजूला सारून तिसराच केला. दोन्हींचा उद्देश एकच, समोरच्यावर थेट बोट रोखायचे नाही. अशा युक्त्यांना स्थैर्य नसते हेही स्पॅनिशनेच दाखवून दिले. तिथे एके काळी 'बोस' हे सर्वनाम दरबारी मानाचे होते. ते घसरत घसरत खाली आले आणि आज अर्जेंटिनात भाजीवाल्यापासून जिवलग मित्रापर्यंत सगळ्यांना लागते. उलट कोलंबियाच्या काही भागांत नवरा-बायको आणि भावंडेसुद्धा एकमेकांना 'उस्तेद' म्हणतात. तरी त्या भाषेत 'तुतेआर' असे एक स्वतंत्र क्रियापद आहे. अर्थ ऐकून गुरुजींना फार आनंद झाला, कारण मराठीत त्याचा नेमका पर्याय आहे: अरे-तुरे करणे.

आणि इथेच जीपमधले स्पॅनिश संपून गुरुजींची खरी गोष्ट सुरू झाली.

सातपुड्यात फिरलेल्या कोणालाही हे ठाऊक आहे. नोयरी, पावरी, देहवाली, वसावी, मावची अशी डोंगरागणिक नावे बदलणाऱ्या या भिली बोली ज्या घरांतून बोलल्या जातात, तिथे वडीलधारा असो, पाहुणा असो की साहेब, समोरच्या एका माणसाला 'तू' म्हणतात. तो एक आहे म्हणून एकवचन. आदर नाही असे नव्हे, तो क्रियापदात ठेवलेला नाही. होळीच्या आधी ज्याने मानता, म्हणजे नवस, घेतली आहे तो पालनी, म्हणजे व्रताचे नियम, पाळतो, खाटेवर बसत नाही, अंथरुणाचे सुख घेत नाही, आणि गाव त्याच्या त्या कष्टाला मान देतो. पण त्याला हाक मारताना तो 'तू'च असतो. मानतेचे व्याकरण बाकी भरगच्च. पोर बरे झाले तर पायात घुंगरू बांधीन, हा संकेतार्थ. ठरल्या दिवसांत हे करू नये, ते शिवू नये, हा विध्यर्थ. नाच रे, हा आज्ञार्थ. एका रात्रीत सगळे अर्थ उभे राहतात, नसतो तो फक्त आदरार्थ.

आता अशा घरातले मूल शाळेत येते. पहिल्याच आठवड्यात ते फळ्याजवळ उभ्या असलेल्या गुरुजींना विचारते, "सर, तू उद्या येशील?" गुरुजी सांगत होते, पहिल्या वर्षी त्यांना हे कानशिलात बसल्यासारखे लागे. तपासणीला साहेब आले तेव्हा तर कहर झाला. साहेबांनी प्रेमाने एका मुलाला विचारले, "काय रे, कोण आले आहे आज?" मुलगा नीट विचार करून म्हणाला, "साहेब आला." त्यात त्याचे काय चुकले? साहेब एक, म्हणून आला. दोन असते तर आले. आपण त्याला 'साहेब आले' म्हणायला लावतो तेव्हा तो त्या म्हाताऱ्यासारखाच मनात दुसरा साहेब शोधत असतो. 'गेला'चे 'जाला' केले तर आपण चूक म्हणून खोडतो. 'आले'चे 'आला' केले तर त्याला उद्धट म्हणतो. पहिल्यात व्याकरणाचे गुण जातात, दुसऱ्यात वर्तनाचे. एकाच तक्त्यातल्या दोन ओळी, पण एकीची शिक्षा तेवढ्यापुरती आणि दुसरीची कायमची. दोनदा हशा झाला की मूल तिसऱ्यांदा बोलत नाही. मग शेरा येतो: 'अबोल'.

आपण स्वतः तरी 'तू'ला केव्हापासून असे अस्पृश्य मानू लागलो? आईला तू, देवाला तू. पंढरपुरात जाऊन विठ्ठलाला 'तुम्ही कधी भेटाल' असे विचारणारा वारकरी मी पाहिलेला नाही. जवळच्यात जवळच्याला एकवचन द्यायचे हे आपल्यालाही कळते. फक्त आपण ते निवडक लोकांपुरते राखून ठेवले आणि उरलेल्या जगाशी अहो-जाहो केले. पायथ्याशी उतरले तर अहिराणी आणखी वेगळे सांगते. मी करस, तू करस, तो करस, ती करस. पुरुष बदलला, लिंग बदलले, क्रियापद ढिम्म. म्हणजे काठीचे मूल आठवडी बाजारात एक तक्ता ऐकते, घरी दुसरा बोलते आणि शाळेत तिसऱ्यावर परीक्षा देते. अमेरिकेतल्या स्पॅनिश घरांत वाढलेली मुले 'मला माहीत नाही' हे 'नो से' ऐवजी 'नो साबो' म्हणतात. नियमाने पाहिले तर तेच रूप व्हायला हवे होते, आपल्याकडे लहान मूल 'केले'ला 'करले' म्हणते तसे. तिकडे या मुलांना 'नो साबो' म्हणून चिडवण्याची रूढीच आहे. नियम पाळला म्हणून चिडवले जाण्यात काठीचे मूल एकटे नाही, एवढाच काय तो दिलासा.

या डोंगरांच्या क्रियापदांचे तक्ते कोणी केलेच नाहीत असे नाही. जॉर्ज ग्रीअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा नवव्या खंडातला तिसरा भाग १९०७ साली निघाला, तो मुख्यतः भिली आणि खानदेशीला वाहिलेला आहे. त्या सर्वेक्षणात साऱ्या भाषांसाठी एकच ठरावीक यादी होती, २४१ शब्द आणि वाक्यांची. क्रियापद सर्व काळांत चालवून दाखवायला त्यांनी जे निवडले ते होते 'मारणे'. मी मारतो, मी मारत होतो, मी मारले होते, मी मारीन, मी मारला जातो, मी मारला जाईन. शेवटाकडच्या वाक्यांत एकाला चांगला चोप देऊन दोरीने बांधायला सांगितले आहे, आणि एका वाक्यात कोणाच्या तरी मुलाला फटके मारल्याचा कबुलीजबाब आहे. लॅटिन शिकणारी पोरे प्रेम करण्यापासून सुरुवात करतात, संस्कृत शिकणारी होण्यापासून, स्पॅनिशवाली बोलण्यापासून. सरकारने हिंदुस्थानच्या खेड्यापाड्यांतून उत्तरे मागवली ती मारण्याची. ज्या भिल्लांच्या बंदोबस्तासाठी त्याच सरकारने १८२५ साली खानदेशात जेम्स आऊट्रमच्या हाताखाली भिल्लांचीच पलटण उभारली होती, त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी हे क्रियापद कर्तरी आणि कर्मणी दोन्ही प्रयोगांत चालवून दिले. कर्मणीसाठी त्यांना फार आठवावे लागले नसेल.

तरीही त्या लोकांनी कष्ट घेतले, हे कबूल करावे लागते. सी. एस. थॉम्पसन या मिशनऱ्याने भिलीची मूलतत्त्वे सांगणारे पुस्तक १८९५ साली छापले. ते मेवाडकडच्या भिलीचे, काठीच्या कामाचे थोडेच. त्याच्या कितीतरी आधी इकडे गोव्यात फादर स्टीफन्सचे कोकणीचे व्याकरण १६४० साली रायतूरला छापून निघाले आणि तिकडे मेक्सिकोत आंद्रेस दे ओल्मोसने नाहुआत्लचे व्याकरण १५४७ सालीच लिहून ठेवले. नेब्रिहाने स्पॅनिशचे व्याकरण १४९२ साली राणी इसाबेलला अर्पण केले, त्याला तेव्हा अर्धे शतक नुकतेच उलटले होते. हेतू धर्मांतराचा होता, वसुलीचा होता, बंदोबस्ताचा होता. पण ज्याच्याशी बोलायचे त्याचे क्रियापद आधी शिकून घ्यावे लागते, एवढी अक्कल त्या हेतूंना होती. आपला हेतू त्यांच्यापेक्षा कितीतरी चांगला आहे, आणि आपण 'तुम्ही म्हण' इतकेच सांगून मोकळे होतो.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात दोन गोष्टी एकाच प्रकरणात आहेत. शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत शिक्षणाचे माध्यम घरची भाषा असावी, ही एक. माध्यमिक शाळेत परकीय भाषा शिकायला मिळाव्यात, ही दुसरी, आणि त्या भाषांच्या यादीत कोरियन, जपानी, फ्रेंच यांच्याबरोबर स्पॅनिश नावानिशी आहे. घरच्या भाषांची अशी यादी नाही. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी असे राज्यघटनेच्या ३५०-अ कलमात १९५६पासून लिहिलेले आहे. २०११च्या जनगणनेत भिली-भिलोडी या गटातली मातृभाषा सांगणारे १ कोटी ४ लाखांवर होते. संथाळी सांगणारे ७३ लाख. संथाळी २००३च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत गेली, ते योग्यच झाले. भिली बाहेर आहे. अनुसूचीत बसली की मुले शाळेत बोलू लागतील असा भाबडा समज माझा नाही, पण आकड्यांनी शरमायला होते.

मला मागायचे आहे ते अनुसूचीपेक्षा फार लहान. एक पान. आदिवासी संशोधन संस्थेने शब्दसंग्रह काढले आहेत, जीवनशाळांनी नर्मदेकाठी मुलांच्या बोलीतून शिकवून दाखवले आहे, भाषांच्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडात या बोलींची दखल आहे. पण डोंगरात नेमणूक झालेल्या गुरुजींच्या हातात हजर होताना जे कागद पडतात, त्यांत त्या गावच्या 'येणे' या एका क्रियापदाचे तरी सहा पुरुष-वचनांचे, तीन काळांचे पान असावे. शब्द पोरे स्वतःच शिकवतात. झाड दाखवले की झाडाचे नाव सांगतात. क्रियापदाचे तसे नसते, ते बोट दाखवून सांगता येत नाही, कोणीतरी मांडून द्यावे लागते. आणि त्या पानाच्या तळाशी एक ओळ गुरुजींसाठी: या गावात 'तू' म्हणजे तू, अपमान नव्हे.

दुसरी ओळ मुलांसाठी लागेल. ती माझ्या जीपमधल्या सोबत्याने स्वतःच शोधून काढली होती. स्पॅनिशच्या तिसऱ्या ओळीत उस्तेद पाहिल्यावर त्याच्या डोक्यात लख्ख पडले की आदर दाखवायची प्रत्येक भाषेची आपापली खोड असते, आणि खोड समजावून सांगता येते. त्याने वर्गात सांगितले की आम्हा मराठीवाल्यांची एक गंमत आहे. मोठा माणूस एकटा आला तरी आम्ही खूप जण आल्यासारखे बोलतो. मुले पोट धरून हसली. या वेळी हसण्याचा विषय मराठी होता, त्यामुळे कोणी गप्प झाले नाही. आठवडाभर वर्गात एकमेकांना 'तुम्ही' म्हणण्याचा खेळ चालला. दोन पोरे तर भांडतानाही 'तुम्ही' म्हणत होती.

मग त्याने घरच्यांविषयी पाच ओळी लिहायला दिल्या. चौथीतल्या एका मुलीने आई, बाप, भाऊ सगळ्यांना रीतसर एकवचन-अनेकवचन लावले होते. शेवटची ओळ होती, 'आमच्या शेळ्या रानातून आल्या.' गुरुजींनी सहज विचारले, "किती शेळ्या आहेत गं तुमच्याकडे?"

"एकच, सर," ती म्हणाली. "पण म्हातारी आहे."